काम टिकलं का, हे बघायला गेले तेव्हा

आमच्या संस्थेत माझं काम पाठपुराव्याचं होतं. आपला देश सोडून आलेल्या ज्या थोड्या कुटुंबांना आम्ही नाशिकमध्ये खोली आणि रोजगार मिळवून द्यायचो, त्यांच्याकडे दर काही महिन्यांनी जायचं आणि विचारायचं: काम मिळालं का, मिळालेलं टिकलं का, घर आता स्वतःच्या पायावर उभं आहे का. उत्तरं घेऊन शेवटी एकच शब्द लिहायचा असे. स्वावलंबी, अंशतः स्वावलंबी किंवा अवलंबून. मदत देणाऱ्यांना तो शब्द हवा असायचा आणि तो मागण्यात काही गैर नव्हतं. आपण दिलेल्या मदतीचं पुढे काय झालं, हे कुणालाही जाणून घ्यावंसं वाटतंच.

त्या दोघी अफगाणिस्तानातून आल्या होत्या, हेरातजवळच्या एका खेड्यातल्या. सून चाळिशीच्या आसपासची, सासू सत्तरीच्या पुढची. सुनेचा नवरा, म्हणजे म्हातारीचा मुलगा, तिकडेच गेला. कसा, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मध्ये काही काळ दिल्लीत काढून त्या नाशिकला आल्या होत्या. कागदपत्रं नियमित होती, काम करायची मुभा होती. दिल्लीत राहून सून कामापुरती हिंदी शिकली होती. सासूला ती बीबी म्हणायची, म्हणून आम्हीही बीबीच म्हणायला लागलो.

द्वारका चौकाच्या मागे त्यांना वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. बीबी दिवसभर त्या खिडकीशी बसायच्या, तोंड भिंतीकडे करून. मी गेले, नमस्कार केला, जवळ बसले, तरी वळायच्या नाहीत. जिना उतरून त्या कधी खाली गेल्या नाहीत. इतकं सोसलेलं माणूस असंच बसणार, अशी मी माझी समजूत करून घेतली.

सुनेला दिंडोरीच्या पुढे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम लागलं. डोक्याला जाळीची टोपी, हातात बारीक कात्री. घडातले खराब मणी छाटायचे, घड डब्यात बसवायचे, डबे पुढे सरकवायचे. तिच्या टेबलावरच्या बाकी सगळ्या बायका सुरगाण्याकडच्या होत्या, हंगामापुरत्या डोंगरातून खाली आलेल्या. त्यांची एक मुकादमीण होती, पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत. पहिल्या पाठपुराव्याला मी तिथे गेले तेव्हा मुकादमीण मला म्हणाली, "बाई लय चांगली हाय. पण बोलत नाय."

"भाषा येत नाही तिला," मी म्हटलं.

"येईल की. आमच्यात बसती ना जेवायला."

त्या खेपेला मी समाधानाने लिहिलं की काम मिळालं आहे आणि टिकलं आहे.

पुढच्या पाठपुराव्याला मी गेले तो आषाढ होता. खोलीला कुलूप. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "त्या दोघी गेल्या की गावाला. त्या आदिवासी बायका आल्या होत्या न्यायला. म्हातारीला दोघींनी धरून खाली उतरवलं."

पॅकहाऊसला फोन केला तर हंगाम संपून ते केव्हाच बंद झालेलं. ऑफिसात आमच्या सरांना सांगितलं. सर संस्थेचे प्रमुख, हिशोबाने चोख आणि माणूस म्हणून मऊ. त्यांनी फाईल उघडून शेवटची नोंद पाहिली. मग म्हणाले, "काम टिकलं नाही, हे तर दिसतंच आहे. पण मला काळजी वेगळीच वाटते. अनोळखी मुलूख, एकटी बाई, सोबत म्हातारी. कुणी फसवून नेलं नसेल ना?"

मलाही तीच भीती होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी सुरगाण्याला निघाले.

पॅकहाऊसच्या व्यवस्थापकाकडून मुकादमिणीच्या गावाचं नाव मिळालं होतं. सुरगाण्याहून जीप, आणि फाट्यापासून पुढे चालत. पाऊस लागून राहिला होता. वाट डोंगराच्या कडेकडेने उतरत होती आणि खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं पाण्याने भरलेली दिसत होती. एका खाचरात आवणी चालली होती. वीसेक बायका ओळीने वाकून रोप लावत मागे मागे सरकत होत्या. प्रत्येकीच्या डोक्यापासून पाठीवर प्लास्टिकचं इरलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कोपरापर्यंत चिखलात.

मी बांधावर उभी राहून प्रत्येकीकडे बघत राहिले. आणि मला ती ओळखता येईना.

मुकादमिणीने मला पाहिलं. ती कमरेत सरळ झाली आणि ओळीतल्या कुणाला तरी काही बोलली. तशी मधलीच एक उठली, हात पाण्यात खळबळून धुतले आणि माझ्याकडे चालत आली. चेहरा रापलेला, गालावर चिखलाचा फराटा. मी हिंदीतून विचारायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली,

"बाय, तू एवढ्या पावसात कठं आलीस? भिजलीस ना लय."

संस्थेत मी तिला मराठीचे धडे दिले होते. 'माझे नाव अमुक आहे, बस कुठे थांबते' असली वाक्यं. त्यातलं एकही तिच्या जिभेवर बसलं नव्हतं. हे जे तिच्या तोंडून आलं ते डोंगरातलं होतं, स्वर वर नेऊन सोडून देणारं, आणि त्याला हेरातचा एक बारीक काठ होता. मी म्हटलं, "तुला बघायला आले."

बांधावरच्या सादड्याच्या झाडाखाली आम्ही बसलो. मी विचारत गेले, ती सांगत गेली, अडलं की हिंदीत शिरून पुन्हा बाहेर येत. पॅकहाऊस बंद व्हायच्या दिवशी सगळ्या आपापल्या गाठोड्यांची बांधाबांध करत होत्या. मुकादमिणीने तिला विचारलं, तू आता काय करशील? ही म्हणाली, माहीत नाही. मुकादमीण म्हणाली, मग चल. ही म्हणाली, घरी सासू आहे. मुकादमीण म्हणाली, तिला काय तिथं ठेवतीस? तिलाबी घे. जायच्या आधी ती आणि मुकादमीण पोलीस ठाण्यात जाऊन नवा पत्ताही नोंदवून आल्या होत्या. आम्हाला कळवायचं मात्र तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"इथे मजुरी काय मिळते?" मी विचारलं. माझा तो प्रश्न ठरलेलाच होता.

"मजुरी नाय. सावड हाय."

सावड मला पुस्तकातून माहीत होती. आज सगळ्यांनी मिळून एकीच्या शेतात राबायचं, उद्या दुसरीच्या, पैशाची देवघेव नाही. पण हिला तर शेतच नव्हतं. मी तसं म्हटलं, तेव्हा तिने हाताने वरच्या पाड्याकडे दाखवलं. "चल, तुला दाखवते."

मुकादमिणीच्या घराला लागून एक नवी खोली उभी होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, आतून बाहेरून शेणामातीने लिंपलेला, वर कौलं. आत एक चूल, दोन गोधड्या, कोपऱ्यात मडकं. आवणी सुरू व्हायच्या आधी, पावसाने एक दिवस उघडीप दिली तेव्हा, गावाने ती बांधली होती. कुणी काठ्या आणल्या, कुणी माती तुडवली, कौलं घरोघरच्या उरलेल्यांतून निघाली. सकाळी हात घातला आणि अंधार पडायच्या आत चूल पेटली.

"हिचं शेत नाय, मग हिची सावड कशात घ्यायची?" मागून आलेली मुकादमीण म्हणाली. "म्हणून सावडीला घर घेतलं."

मी त्या कुडावर हात ठेवला. लिंपण अजून ओलसर होतं आणि त्यात निरनिराळ्या बायकांच्या बोटांचे ठसे होते, काही रुंद, काही अगदी लहान.

"आणि बीबी?" मी विचारलं. खोलीत कुणी नव्हतं.

"शेळ्यांकडे."

मला वाटलं, तिला मराठी शब्द चुकला. ती पुढे झाली आणि मी तिच्या मागोमाग घराच्या पाठीमागचा चढ चढले. वर माळावर धुकं होतं, दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. आणि त्या धुक्यातून एक आवाज आला. जीभ टाळूला लावून काढलेला, घोगरा, शेवटाला उंच चढणारा. मी असा आवाज आपल्याकडे कुठल्याच गुराख्याच्या तोंडून ऐकलेला नाही. तो थांबला आणि डावीकडून एका शेळीने उत्तर दिलं. मग उजवीकडून दुसरीने. मग खालच्या अंगाने आणखी एकीने. पुन्हा तो आवाज, पुन्हा उत्तरं, आणि धुक्यातून एकेक शेळी बाहेर पडून एका ठिकाणी गोळा व्हायला लागली. मध्ये काठी टेकून बीबी उभ्या होत्या. डोक्यावर इरलं, पायात रबरी बूट. शेळी जवळ आली की तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, कान चाचपायच्या आणि स्वतःशी काहीतरी म्हणायच्या.

"मोजते," सून हळू म्हणाली. "तिला दिसत नाही ना. आवाजावर चालते."

मी दचकले. "दिसत नाही म्हणजे?"

"अंधुक अंधुक. दिल्लीपासून. खोलीत खिडकीकडे बसायची ना, थोडा उजेड कळायचा म्हणून."

मी त्या खोलीत किती वेळा गेले होते, आणि बीबींना नीट दिसत नाही, हे मला इथे माळावर कळत होतं. त्यांनी त्या सुरगाण्याच्या शेळ्यांना आपली हाक शिकवली होती. हेरातच्या डोंगरात त्या लहानपणी बापाबरोबर शेळ्या राखायच्या, सून म्हणाली. गावात आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे शेळ्यांचं ओरडणं ऐकून त्या आपण होऊन अंथरुणातून उठल्या आणि गोठ्याकडे निघाल्या. मुकादमिणीने अडवलं नाही. नुसती बरोबर चालली.

मी जवळ जाऊन बीबींना नमस्कार केला. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि सुनेला काही विचारलं.

"काय म्हणतात?"

"म्हणते, ही तीच ना, प्रश्न विचारायला यायची ती?"

त्या दिवशी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं खाऊन मी संध्याकाळच्या जीपने परत फिरले. ऑफिसात सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "उत्पन्न किती लिहिणार?"

"शून्य."

"आणि राहतात कुठे? भाड्याने?"

"नाही. त्यांच्यासाठी बांधलेल्या घरात."

"आपल्या हिशोबाने म्हणजे अवलंबून," ते म्हणाले. मग म्हणाले, "अख्ख्या गावात मग स्वावलंबी कोण निघेल? एकही घर नाही." त्यांनी पेन बंद केलं. "राहू दे. द्राक्षांच्या छाटणीला लोक खाली येतात, तोवर तो शब्द राहू दे."

सप्टेंबर सरता सरता छाटणीच्या कामाला टोळ्या खाली उतरल्या, तशी तीही आली. बीबी मात्र आल्या नाहीत. शेळ्या सोडून यायला त्या तयार नव्हत्या. सून दर काही दिवसांनी बसने वर जाऊन यायची. पॅकहाऊस पुन्हा सुरू झालं तेव्हा मुकादमिणीने एक टेबल तिच्या हवाली केलं, स्वतःच्या दहा बायकांसकट. मी शेवटच्या पाठपुराव्याला गेले तर ती त्या बायकांना डोंगरी बोलीत दटावत होती आणि त्या हसत होत्या.

शेवटचा प्रश्न ठरलेला होता: आता आमच्याकडून आणखी कशाची गरज आहे का? बहुतेक लोक संकोचाने नाही म्हणतात. तिने कात्री खाली ठेवली.

"हाय. बीबीचे डोळे कर."

आधी दिल्लीत एकदा डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. तेव्हा बीबींनी ऑपरेशनला साफ नकार दिला. बघायचं काय राहिलंय, म्हणाल्या होत्या. आता त्यांनी स्वतःहून सुनेला सांगितलं होतं की कड्याच्या बाजूला शेळी व्यायली आणि करडू कुठे पडलं ते सापडायला उशीर झाला, तेव्हा डोळे हवेत.

नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडली तेव्हा मी तिथे होते. बीबींनी सुनेचा चेहरा बराच वेळ पाहिला आणि काही विचारलं. सून हसली आणि डोळे पुसत मला म्हणाली, "विचारते, तू इतकी काळी कधी झालीस."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही त्यांना वर घेऊन गेलो. उन्हाळ्याची चाहूल होती, खाचरं कोरडी पडली होती आणि पळसाला फुलं आली होती. आमची जीप आल्याचं कळून पाड्यावरच्या बायका फाट्यापर्यंत आल्या होत्या. बीबी खाली उतरल्या आणि उभ्या राहिल्या. त्या सगळ्यांना त्या आवाजाने ओळखत होत्या, चेहऱ्याने एकीलाही नाही. कुणी काही बोललं नाही. बीबींना आधी चेहरे बघू द्यावेत, हे बहुधा बायकांनाही कळलं असावं. बीबी एकेकीसमोर जायच्या, तोंडाकडे निरखून बघायच्या आणि मग थांबायच्या. तेव्हा समोरची बाई नुसतं "बीबी" म्हणायची आणि बीबी मान हलवून पुढच्या बाईकडे जायच्या.

मुकादमीण शेवटी उभी होती. बीबींनी तिला बोलायची वेळच येऊ दिली नाही. पाहताक्षणी तिचा हात धरला आणि फारसीत काही बोलल्या. सुनेने ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग त्या दोघी हातात हात घालून वाटेने चालू लागल्या, आपापल्या भाषेत बोलत. बाकीच्या आम्ही त्यांच्या मागून गेलो.