बटमोगऱ्याचा गजरा

मोगऱ्याला बहर हवा असेल तर आधी त्याला छळावं लागतं. माघात पाणी तोडायचं, फांद्या छाटायच्या, उरलीसुरली पानं हातानं ओरबाडून टाकायची आणि काही दिवस त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मग शेणखत घालून मुळांशी भरपूर पाणी सोडलं, की बिचारा घाबरून फुलतो. पाडव्याच्या सुमाराला माझ्या आठही झाडांवर पानांपेक्षा कळ्या जास्त असत. ही विद्या मला उत्तम साधली होती. बाकी अक्कल बेताचीच.

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि स्वतःला म्हातारी समजत होते. आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्याचं हसू येतं. हे जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेलेला. त्याचा फोन रविवारी सकाळी येई आणि त्यातला निम्मा वेळ 'हॅलो, ऐकू येतंय का' यातच जाई. येरवड्याच्या पलीकडची आमची बंगल्यांची गल्ली. पुढे-मागे अंगण, मध्ये चार खोल्या, आणि चारांत मिळून मी एकटी.

त्या दिवसांत सकाळी सहाला दार उघडलं की मी बाहेर पाऊल टाकण्याआधी वासच आत शिरायचा. मी पायरीवर चहा घेऊन बसे. कुंपणावर सायली, कोपऱ्यात अनंताचं झाड, त्यावर रात्रीतून उमललेलं तळहाताएवढं पांढरं फूल. नळी सोडली की झाडांची तहानलेली आळी घटाघटा पाणी पीत. बघून जीव निवायचा, नाही असं नाही. पण सांगायचं कुणाला? हे असताना मी "अहो, बघा तरी" म्हणायचे, आणि हे पेपरातून मान वर न करता "छान" म्हणायचे. या 'छान'वरून मी किती भांडले असेन! आता न बघता 'छान' म्हणणारंही कोणी नव्हतं.

दुपारी चारला टपोऱ्या, मिटलेल्या कळ्या खुडायच्या, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा आणि गजरा गुंफायचा. दिवेलागणीला तो उमलतो. एक देवीला, बाकीचे कोपऱ्यावरच्या देवळात. माझ्या डोक्यात मात्र एकही नाही. नवरा गेलेल्या बाईनं गजरा माळायचा नसतो. हे मला कोणी सांगितलं होतं म्हणाल तर कोणीच नाही. सासूबाई नव्हत्या, आई नव्हती. मनाई करायला घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते खातं मी स्वतःकडेच घेतलं होतं आणि बिनपगारी, इमानेइतबारे सांभाळत होते.

चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी गल्लीतल्या बायका फाटकाशी येत. "वहिनी, गजरे तुमच्याकडूनच हं! तुमच्या मोगऱ्याला तोड नाही." मी पाठ मोडेस्तोवर गजरे करून देई. संध्याकाळी त्यांच्या घरात माझा मोगरा, आणि माझ्या घरात भिंतीवरून आलेला आंब्याच्या डाळीचा डबा. आमंत्रण नाही, नुसता डबा. तो घासून परत देताना रिकामा कसा द्यायचा म्हणून मी वर साखर घाली. काय तो शिष्टाचार! तेव्हाची ती मी आज मला भेटले, तर पाठीत एक धपाटा घालीन.

त्या वर्षी गजऱ्यांसाठी एकच जण आली, तीही रिक्षा थांबवून. ते मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

वरच्या खोलीत तेव्हा अमरावतीकडची एक मुलगी भाड्यानं राहत होती. सॉफ्टवेअर कंपनीत, संध्याकाळची पाळी. जिना उतरता उतरता एकदा माझ्याजवळ थांबली.

"काकू, रोज गजरे करता. तुम्ही काहून नाही माळत?"

"आम्हाला नसतं गं."

"कोण म्हणते?"

"लोक म्हणतात."

"कोणते लोक?"

मी तोंड उघडलं. एकही नाव येईना. "आहेत. तुला नाही कळायचं."

"झाड तुमचं, पाणी तुमचं, दुखणारी पाठ तुमची. अन् लोक कोणते, ते तुम्हालेच माहीत नाही!" एक गजरा उचलून तिनं आखूड केसांत क्लिपनं खोचला आणि कंपनीच्या बसकडे पळाली.

चार दिवस तो प्रश्न मला चावत राहिला. पाचव्या दिवशी बटमोगऱ्याचा एक वीतभर गजरा केला आणि आरशापुढे उभी राहिले. अंबाड्यावर माळला, काढला, पुन्हा माळला. पदर डोक्यावरून घेतला. मग म्हटलं, झाकायचा तर माळायचा कशाला? सरळ पुढच्या पायरीवर जाऊन बसले, रस्त्यावरून दिसेल अशी.

उत्तरं तयार होती. डावीकडच्या वहिनींना म्हणणार होते, "हो, माळला. डब्यात घालून पाठवू का एक?" समोरच्या काकूंसाठी तर नुसती नजर राखून ठेवली होती.

वरची मुलगी दोन दिवसांसाठी गावी गेलेली. साडेचार वाजले. पाच वाजले. डावीकडच्या वहिनी मुलाच्या फ्लॅटवर, वाघोलीला राहायला गेल्या होत्या, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. समोरच्या काकूंच्या बंगल्यात ऑफिस झालं होतं. काचा बंद, एसीची घरघर. उजवीकडचं घर पाडायला काढलेलं. कंपन्यांच्या बसेस गेल्या, पडदे ओढलेल्या. एक कैऱ्यावाला तेवढा थांबला.

"कैऱ्या हायेत, घ्येता का, आजी?"

आजी म्हणाला मेला! तरी मी मुद्दाम मान वळवून त्याला पाठमोरी झाले. त्यानं तराजू काढला.

"आंबट हायेत. किती देऊ?"

सहा वाजून गेले तेव्हा मागे मानेशी कळ्या उमलू लागल्या. वास भरभरून येत होता. मी दोन वर्षं ज्यांच्या धाकात काढली, ते लोक कधीच सामान हलवून निघून गेले होते, आणि मी त्यांचा धाक एकटीच पाळत बसले होते. जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. मला त्या संध्याकाळी एकच माणूस हवं होतं, फाटकाशी थबकून, डोळे वटारून, "अहो, हे काय?" म्हणणारं. अंधार पडेपर्यंत मी वाट बघितली.

गजरा मात्र काढला नाही. तसाच डोक्यात ठेवून झोपले. सकाळी उशीवर फुलं चुरगळलेली होती.