येलदरीच्या पाण्याखालचं वावर

एक्क्याण्णव सालचा अधिक वैशाख. येलदरी धरणाच्या भर पाण्यात एका होडीत आम्ही तिघं... मी, माझा नवरा आणि माझे वडील अण्णा. आणि दोघं पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते!

त्याचं असं झालं, आमच्या लग्नाच्या पंगतीत नवऱ्याकडच्या कुणीतरी अण्णांना टोमणा मारला, तुमचं शेत तर मासेच खातात की हो. अण्णांची काळीभोर जमीन मी जन्मायच्या आधीच धरणात गेलेली, वाट्याला आलं ते माळरान. अण्णा फाडकन उलटून बोलले, नवरदेव रुसले... आणि वर्ष झालं तरी रुसवा निघेना.

पहिल्या धोंड्याला जावयाला बोलवावंच लागतं. आमचे हे आमच्या गावाहून, पिंगळीहून निघाले खरे, पण तोंड फुगवूनच. आज जमलं नाही तर माझं माहेर तुटल्यातच जमा होतं.

एसटीनं लांबचा वळसा पडतो, म्हणून अण्णा माझ्या काकांची होडी घेऊन आले होते. ऊन मी म्हणत होतं, तरी पाण्यावर वारा छान लागत होता. काठाकाठानं निघालो... पाणी उतरलं की मागं राहिलेल्या गाळात लोक पेरतात, तिथं टरबुजांचे वेल पसरलेले. एके ठिकाणी उतरून टरबूज फोडलं. दोघं गप्पच खात होते, पण एकाच टरबुजातलं खात होते, मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

बाकी सगळं बोलणं माझ्यामार्फत. अण्णा मला म्हणायचे, पाव्हण्यांना विचार ऊन लागायलंय का. हे मला म्हणायचे, सांग, नाही लागत. हातभर अंतरावर बसून! मी म्हणजे नुसतं टपालखातं झालं होतं.

आणि अण्णांचं वल्हवणं तरी कसं... समोर मोकळं पाणी, तरी मध्येच डावीकडे वळायचे. ह्यांनी मला हळूच विचारलं, सरळ का जात नाहीत? मी कपाळावर हात मारला. अण्णा पाण्याखालच्या जुन्या गाडीवाटेनं चालले होते! दुसऱ्याच्या वावरातून गाडी घालायची नाही, ही सवय पाण्यावरही सुटली नव्हती.

त्याच नादात होडी गाळात रुतली. त्या साली पाणी कधी नव्हे इतकं उतरलेलं. दोघं ढकलायला उतरले, गुडघाभर पाण्यात... आणि अण्णा ढकलायचं सोडून पायानं खाली चाचपतच राहिले. मग हळूच म्हणाले, "हा माझा बांध हाय."

ह्यांनी एक वाकडा शब्द काढला असता तर संपलंच होतं.

हे खाली वाकले. कोपरापर्यंत हात घालून मूठभर गाळ वर काढला, बोटांत चोळून बघितला... शेवटी शेतकऱ्याचंच पोर. आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट अण्णांकडे बघून बोलले, "मामा, लय कसदार माती हाय हो. आमच्याकडं अशी न्हाई."

अण्णांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग जे बोलत सुटले... इथं विहीर, तिथं चिंच, इकडं ज्वारी, तिकडं करडई. हेही खोदून खोदून विचारायला लागले. होडीत बसलेली मी कुणाला दिसेचना! शेवटी मीच आठवण केली, की बाबांनो, आई तिकडं पुरण घालून वाट बघत असेल.

घरी दारातच आई परात आणि तांब्या घेऊन उभी, जावयाचे पाय धुवायला. ह्यांचे पाय नडगीपर्यंत काळे. काठावर उतरताना सहज धुता आले असते, पण ह्यांनी धुतले नव्हते. अण्णांनी ते सावकाश, स्वतःच्या हातानं धुतले.

आई परातीतलं पाणी फेकायला निघाली, तर अण्णांनी तिला थांबवलं. "टाकू नको. आपल्या वावरातली माती हाय." आणि परात उचलून परसातल्या वांग्यांना घालून आले.

आज अण्णा नाहीत. धरणात गेलेलं शेत त्यांना कुणी परत देऊ शकत नव्हतं... माझ्या नवऱ्यानं ते पायाला लावून घरी आणलं. त्या एका दिवसावर मी ह्यांचे पुढचे सगळे रुसवे हसत हसत काढलेत.