सत्तर पावलांवरून अप्पा

वडिलांच्या नकळत त्यांचा फोटो काढायचा तर किती लांब उभं राहावं लागतं, हे अख्ख्या जळकोटात मला एकट्यालाच ठाऊक आहे. सत्तर पावलं. मी मोजलेली आहेत, दोनदा.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आमचं बाजारात कापडाचं दुकान. अप्पा ओट्यावर गादी टाकून बसायचे आणि मी आत गज घेऊन कापड मोजायचो. माझ्या अंगात एकच खूळ होतं, ते म्हणजे फोटोचं. सोलापुराहून आणलेला एक जुना लाकडी कॅमेरा माझ्याकडं होता, तिवईवर ठेवायचा, लोहारासारखा भाता असलेला. त्या कॅमेऱ्यानं मी गावातला माणूस न् माणूस काढला होता. नवरदेव काढले, पैलवान काढले, मठातले स्वामी काढले. एकाची म्हैसही काढली. (तिचा फोटो सगळ्यांत सुबक आला. ती हलली नाही.)

फक्त अप्पा राहिले होते.

अप्पांच्या थोरल्या भावानं एका लग्नात हौसेनं फोटो काढून घेतला आणि पंधरवड्यात पटकीनं गेला. तेव्हापासून अप्पांचं पक्कं झालं होतं, की फोटो आयुष्य कापतो. मी विषय काढला की म्हणायचे, "बेड!" अप्पांना राग आला की ते कानडीत जायचे. बेड म्हणजे नको. मी पुन्हा विचारलं की म्हणायचे, "बेड म्हंजे बेड!"

मला मात्र चैन पडत नव्हतं. अव्वा, म्हणजे माझी आई, गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तिचा फोटो नाही. डोळे मिटले की मला तिचा हात दिसतो, हातातल्या बांगड्या दिसतात, पीठ लागलेली बोटं दिसतात. चेहरा येत नाही. आता अप्पांना दम लागायचा, ओटा चढताना दोनदा थांबायचे. हाही चेहरा एक दिवस असाच जाणार, हे मला दिसत होतं. मग एका दुपारी माझ्या डोक्यात आलं, की अप्पांना कळलंच नाही तर? लांबूनच काढला तर?

दुसऱ्या दिवशी मोटार धरून मी सोलापूर गाठलं.

फोटोवाल्यानं माझ्यापुढं तीन भिंगं मांडली. एक माझ्या भिंगापेक्षा दीडपट जवळ आणणारं, दुसरं दुप्पट आणि तिसरं एवढं लांबडं, की त्याला दोन्ही हातांनी उचलावं लागलं.

"काय काढायचंय? वाघ?" त्यानं विचारलं.

"वडील."

त्यानं मोठं भिंग बाजूला सारलं. मग म्हणाला, "तुम्ही मधलं घ्या. या मोठ्याला लांबचं झकास दिसतं, पण जवळचं काही दिसत न्हाय. तुमच्या कॅमेऱ्याचा भाताही पुरायचा न्हाय."

पण शहाण्याचं ऐकलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो! मधल्या भिंगाला चाळीस पावलं पुरली असती. पण चाळीस पावलांवरून अप्पा मला खोकल्यावरून ओळखायचे. मी मोठंच घेतलं. बदल्यात माझं जुनं भिंग देऊन टाकलं. (ते कशाला लागणार होतं? जवळून काढायचं राहिलंय कोण?)

परतताना निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर, शिपायानं ते भिंग उलटसुलट करून बघितलं आणि "दूध पिलानेकी नळी क्या?" असं विचारून सोडून दिलं.

भाता खरंच पुरला नाही. मग मी सुताराकडून हातभर लांब लाकडी पेटी करून घेतली, ती कॅमेऱ्याच्या तोंडाला ठोकली, तिच्या पुढं भिंग बसवलं आणि उजेड शिरू नये म्हणून सगळ्याला डांबर फासलं. माझी बायको महादेवी दारात उभी राहून बघत होती.

"अवो, ह्ये काय केलाव?"

"कॅमेरा."

"तोफ दिसायलीय," ती म्हणाली आणि आत गेली. तिथंच मी थांबायला हवं होतं.

बाजाराचा दिवस धरला. गर्दीत आपल्याकडं कोण बघतंय, असा माझा हिशेब. "माडीवर गठ्ठे लावतो," असं अप्पांना सांगून मी मागच्या दारानं सटकलो आणि दुकानासमोरच्या मठाच्या माळवदावर चढलो. तिवई लावली, डोक्यावर काळं फडकं घेतलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत अप्पा आले! उलटे आले, सगळंच त्या काचेत उलटं दिसतं; पण एवढे जवळ, की पागोट्याची घडी न् घडी मोजावी. खाली डोकं वर पाय करून ते गिऱ्हाइकाला खणाचा भाव सांगत होते. माझे डोळेच भरून आले. ओल्या डोळ्यांनी मी भिंग नीट जुळवलं, फोटोची काचेची प्लेट घातली, फडक्यातून बाहेर आलो आणि दाबला की फोटो निघतो तो रबराचा फुगा हातात धरून अप्पा मान वर करायची वाट बघू लागलो.

तेवढ्यात खाली कांदेवाली बाई ओरडली, "आगं बया! वर कोन हाय ग त्यो?"

"बंदूक हाय!" दुसरं कुणी ओरडलं.

"बंदूक न्हवं, तोफ हाय! पळा!"

धरपकडीचे दिवस होते, लोक आधीच सावलीला भ्यायचे. क्षणात अख्खा बाजार माझ्याकडं तोंड वर करून उभा राहिला. आणि मी काय केलं? घाबरून हातातला फुगा दाबला! त्या दिवसांत एक प्लेट मिळवायला किती खेटे घालावे लागायचे ते मला विचारा. माझ्याकडं दोनच उरल्या होत्या, त्यातली एक गेली.

दोन मिनिटांत चौकीचे जमादार धापा टाकत माळवदावर आले.

"हात ऊपर! ये तोप किसपे लगायी जी?"

"तोफ न्हाई साहेब, भिंग हाय. लांबचं बघायचं."

"लांबका क्या देखरैं?"

"वडील."

"वालिद किधर हैं?"

मी बोट दाखवलं. जमादारांनी दुकानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा दुकानाकडं पाहिलं. "अरे, बाप के साथ एक घर में रैते, एक थाली में खाते, और देखने कू दुर्बिन लगती तुमकू?"

मी मुकाट्यानं तिवई मिटायला घेतली.

चौकीत अप्पांना बोलावणं गेलं. ते धुतलेलं उपरणं घेऊन आले. जमादारांपुढं मला सगळं सांगावं लागलं. ते सोलापूरही सांगावं लागलं, गठ्ठ्यांची थापही सांगावी लागली. अप्पा चिडतील, कानडीत जातील, म्हणून मी खाली मान घालून उभा होतो. पण ते हळूच म्हणाले, "किती लांबनं काढलास?"

"सत्तर पावलं."

"एवढं भ्या वाटतंय व्हय रं तुला माजं?"

बस. एवढंच बोलले आणि काठी टेकत घरी गेले.

पुरावा म्हणून प्लेट धुऊन दाखवायचा हुकूम झाला. आमच्या धान्याच्या खोलीत लाल कंदील लावून मी ती धुतली. जमादार शेजारी पोत्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी उन्हात कागद छापून त्यांच्या हातात दिला. त्यात कांदेवालीचं तोंड स्पष्ट, शिंप्याचं तोंड स्पष्ट, दुकानापलीकडच्या चौकीच्या दारात आ वासून वर बघणारे खुद्द जमादार तर दातांसकट स्पष्ट! सगळा बाजार भिंगाकडं बघत होता आणि एकटे अप्पा भिंगाकडं पाठ करून, दुकानाच्या दारात वाकून उभे होते.

"हमारा तो बहुत उम्दा आया," जमादार म्हणाले. एक प्रत त्यांनी घरी लावायला नेली आणि मला सोडलं.

मी मात्र कपाळाला हात लावून बसलो. महादेवी म्हणाली, "मामंजी पाठ करून का हुबारले, ठावं हाय का तुमाला? शेजारचा शिंपी सांगत हुता. बंदूक म्हनल्यावर समदी वर बगत हुबारली, आन् मामंजी दारात वाकून तुमाला हाका मारीत हुते. 'शिवलिंगा, खाली येऊ नगंस, माडीवरच बस!' म्हून."

मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पा दुकानातून लवकर आले. अंगणात देवळीपुढं पाट मांडून बसले, पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "काढ एकदाचा. जवळनं काढ."

मी धावत कॅमेरा आणला. चार पावलांवर लावला. काचेत नुसतं धुकं! मोठं भिंग, लांब पेटी; सुताराची ती पेटी सत्तर पावलांच्या मापाची! मागं सरकलो, धुकं. अंगणाच्या भिंतीला पाठ लागली, तरी धुकंच. आणि जुनं भिंग सोलापुरात.

"अप्पा, जरा रस्त्यावर बसता का?"

"रस्त्यावर? तमाशा हाय व्हय?"

मग मी मागचं दार सताड उघडलं, तिवई उचलली आणि शेजाऱ्याच्या शेळ्यांमधून मागं मागं जात राहिलो. शेळ्या हाकलल्या, वाळत घातलेलं लुगडं बाजूला केलं, शेजारणीच्या शिव्या खाल्ल्या. "बसा हां अप्पा, झालंच!" मी लांबून ओरडत होतो. त्यांना आता ऐकू जात होतं की नाही, कोण जाणे. शेवटी मोजून सत्तर पावलांवर, पार पलीकडच्या बोळात, काचेत अप्पा नीट उमटले. पण ऊन गेलं होतं. आणि अप्पांना बसल्या जागी डुलकी लागली होती.

महादेवीनं त्यांना उठवलं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "झाला का?"

"उद्या काढू, अप्पा. उजेड गेला."

"बरं. उद्या."

त्या रात्री त्यांना ताप भरला. मी सोलापूरला निघालो होतो, जुनं भिंग परत मागायला, पण त्यांना सोडून पाय निघेना. आठव्या दिवशी अप्पा लिंगैक्य झाले.

गावात कुजबुज झाली, की पोरानं फोटो काढला आणि बाप खाल्ला. माझी मान खालीच होती. महादेवी मात्र ओट्यावर येऊन कडाडली, "फोटूत तोंडच न्हाई, तर आयुष्य कुठनं कापंल?" ओट्याखालची माणसं एकेक करून पांगली.

पुढं त्या प्लेटवरून मी अप्पांपुरताच भाग मोठा करून घेतला आणि चौकटीत बसवला. आमच्या घरात सणावाराला त्या पाठीला विभूती लावतात, हार घालतात, सुना पाया पडतात. नवीन पाहुणा आला की जरा वेळ बघत राहतो आणि मग हळूच विचारतो, "असला फोटो काढला तरी कुणी?"

मी म्हणतो, "होता एक येडा सोलापूरचा."