एक ओळ पुढं

प्रोग्रॅममधल्या एकाच चुकीवर, म्हणजे बगवर, तीन महिने बसलं की दुसरं काही साठत नाही, किस्से तेवढे साठतात. आमच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि स्वाती. काम असं: कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे गाभ्यातला प्रोग्रॅम, तपासायला डीबगर नावाचं हत्यार असतं. ‘स्टेप’चं बटण दाबलं की प्रोग्रॅमनं एक ओळ पुढं जाऊन थांबायचं. आमचा पुढच्या ओळीवर जायचाच नाही! सेकंदाला शेकडो वेळा मशीनचा टायमर दार वाजवणार, कर्नल हातातलं सोडून त्याच्याकडे धावणार, आणि आम्ही टायमरच्या कोडमध्ये जाऊन पडणार. दर वेळी!

पुण्याच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, “महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही, तर कोल्हापूर ऑफिस बंद. दोघं पुण्याला या.” माझी बायको गारगोटीच्या शाळेत मास्तरीण. आठ वर्षं पुण्यात काढून मी आत्ता कुठं घरी आलो होतो.

*

ऑफिसचे घरमालक अण्णा वरच्या मजल्यावर राहतात. दिवसातून सहा वेळा खाली येणार, दार वाजवणार, चहा मागणार. एकदा म्हणाले, “पावणं, एक वळ पुढं जायला तीन म्हैनं?”

मी सगळं समजावून सांगितलं. अण्णांनी बशीतला चहा संपवला.

“मजी माज्यासारकं कोणतरी सारकं मधी येतंय म्हणा की!”

आणि आणखी अर्धा तास बसले.

*

बग कुठं आहे ते कळावं म्हणून कोडमध्ये जागोजागी मेसेज छापायला लावले. बग गायब! मी आनंदानं बायकोला फोन केला, “पुण्याचं रद्द!” मेसेज काढले. बग परत.

स्वाती म्हणाली, “सर, मेसेजसकटच पाठवूया की.”

पाठवलं असतं, पण मेसेज छापता छापता मशीन इतकं रखडायचं की एका ओळीला एक चहा व्हायचा.

*

बायको पहिलीच्या वर्गाला शिकवते. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, “माझी साठ पोरं थांब म्हटलं की थांबतात. तुम्हाला एक आवरंना व्हय?”

त्या रात्री मी जेवलो नाही. खरंच सांगतो, लाज वाटली.

*

शेवटच्या आठवड्यात अण्णांनी सकाळपासून चौथ्यांदा दार वाजवलं. स्वाती वैतागली. “सर, काम होईपर्यंत कडीच लावूया!” कडी लावून वळली आणि तिथंच थबकली. “सर... टायमरला पण!”

स्टेप घेताना टायमरला दार बंद. कोडमध्ये फक्त एक ओळ वाढवली. बटण दाबलं. पुढची ओळ! पुन्हा दाबलं. त्याच्या पुढची! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

*

दुसऱ्याच दिवशी साहेब पुण्याहून आले. अण्णा नकोत म्हणून कडी लावली. एक स्टेप, दोन स्टेप, तीन स्टेप. सगळं चोख!

साहेब खूश. “गुड. आता स्टेप पुरे, प्रोग्रॅम मोकळा सोडा.”

सोडला. स्क्रीनवरचं घड्याळ अकरा बावीसवर थांबलं. कीबोर्ड मेला. मशीन ढिम्म! साहेबांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग लॅपटॉप उघडला आणि आमच्या बदलीची मेल आमच्यासमोर पाठवली.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. बाहेरून अण्णा ओरडत होते,

“आरं, काम झालं न्हवं? मग लावल्यालं दार उघडायचं कुणी?”

स्वाती दाराकडं गेलीच नाही. ती आमच्या त्या एका ओळीकडं बघत होती.