डबा उघडण्याआधी

डबा उघडण्याआधी मामा चष्मा काढायचे, घडी करून झाकणावर ठेवायचे आणि मग डोळे मिटायचे. "प्रार्थनेत चष्मा कशाला? त्यानं मला बघायचंय, मी त्याला नाही," असं वर मलाच समजवायचे.

चंडीगढच्या सेक्टर तीसमधल्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत ते भिंगं घासून पॉलिश करत. गाव नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. सगळं वर्कशॉप त्यांना मामा म्हणे, आमचा सरदारजी फिटर 'मामाजी' म्हणे. मी साताऱ्याचा, नवा इंजिनियर. मराठीत जेवायला मिळतं म्हणून रोज दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो.

त्यांची प्रार्थना म्हणजे यादीच. मामी, अमृतसरच्या बाजूला नर्स असलेली एकुलती एक मुलगी, आमचे डायरेक्टर, माझं न जमणारं लग्न. शेवटी ठरलेली ओळ यायची, "आणि ज्यांच्या हातात बंदुका आहेत, त्यांच्यावरही दया कर, बापा." मग आमेन, मग डबा. प्रार्थना पुरी झाल्याशिवाय ते घासाला हात लावत नसत.

"मामा, भाजी गार होतेय," मी म्हणायचो.

"गार भाजीनं कोणी मेलं नाही, इंजिनियर."

पंजाबात अतिरेक्यांचे ते दिवस असे होते की सकाळी पेपरात कुठे किती मेले ते वाचून माणसं क्रिकेटच्या पानाकडे वळत. मीही वळायचो. मुलीला दोन दिवसांची रजा मिळाली होती, पण बसनं यायला ती भीत होती. मामांनी सेक्टर सतराच्या तारघरातून तिला ट्रंक कॉल लावला. मी शेजारीच उभा होतो. "ये गं, बिनघोर ये. तो बघतोय," ते म्हणाले. ती निघाली. वाटेत बंदूकवाल्यांनी बस थांबवली, माणसं खाली उतरवली आणि गोळ्या घातल्या. तिलाही.

पंधरा दिवसांनी मामा कामावर आले. दुपारी चष्मा काढला, डोळे मिटले. मामी, डायरेक्टर, माझं लग्न. मुलीचंही नाव घेतलं आणि पुढे गेले. "आणि ज्यांच्या हातात..." एवढं म्हणून थांबले. मग चष्मा लावला आणि न उघडलेला डबा पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरीही तेच चालायचं. मामींच्या हट्टानं दूध तेवढं घेत. सरदारजी तर, मारणारे आपल्यातलेच या लाजेनं, आमच्या खोलीकडे फिरकेनासा झाला होता. मामांनीच त्याला हाक मारून बसवलं. "मामाजी, थोड़ा तो खा लो जी," म्हणता म्हणता तोच रडायला लागला. मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, पण जेवले नाहीत.

त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायला लागलं. मला सगळ्यांचाच राग यायचा, मारणाऱ्यांचा, मामांच्या देवाचा आणि मामांचाही. एकदा म्हणालो, "गाळा की ती ओळ. कोण विचारतंय?"

"गाळली तर उरलं काय? आपल्या माणसांसाठी कोणीही मागतं."

"मग नुसती म्हणून टाका."

"आत नसताना? भिंगावरचा चरा मला दिसतो, मग त्याला दिसणार नाही?" डबा पिशवीत सारत म्हणाले, "मी तिला ये म्हणालो. तो बघत होता. काय बघत होतास, एवढंच विचारतोय मी त्याला. तो बोलत नाही. तरी त्याच्यापुढून उठवत नाही मला."

मग एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "ती ओळ तुम्ही म्हणाल? माझ्या वतीनं?"

मी घरच्या आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवणारा माणूस. पण ते जेवतील म्हणून म्हणालो. "ज्यांच्या हातात बंदुका आहेत, त्यांच्यावरही दया कर." सपाट, घाईघाईत, साफ खोटं. मामा आमेन म्हणाले, डबा उघडला आणि अर्धी पोळी खाल्ली.

पुढे दोन वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, ती ओळ माझ्याकडे होती. एकदाही मी ती मनापासून म्हटली नाही. मामा-मामी नगरला गेले आणि त्याच आठवड्यात मी ती ओळ सोडून दिली. लग्न झालं, डबा घरून यायला लागला. मी तो गरम असतानाच संपवायचो.

चार वर्षांनी मामींचं पत्र आलं. मामा गेले होते. मामींनी लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत जेवणाआधी बसायचे आणि त्या ओळीशी आले की थांबायचे. मी म्हणते म्हटलं तर नको म्हणायचे. ती ओळ चंडीगढला आपला इंजिनियर म्हणतो रोज, असं सांगून जेवायला लागायचे.'

त्या दुपारी मी डबा घेऊन वर्कशॉपातल्या मामांच्या जुन्या खोलीत जाऊन बसलो. तोवर मलाही चष्मा लागला होता. तो काढून झाकणावर ठेवला, डोळे मिटले. "ज्यांच्या हातात..." इथवर आलो आणि कानात तो ट्रंक कॉल वाजायला लागला. ये गं, बिनघोर ये.

भाजी गार झाली. डबा तसाच घरी नेला. बायकोनं विचारलं, तेव्हा भूक नव्हती म्हणालो.