दाखवलेलं घर

कडूआत्याला काहीही दाखवलं की ती आधी त्याला हात लावते. लुगड्याचा पोत असो, भिंत असो, नव्या सुनेचा गाल असो. हात लावून झाला की तिचं मत ठरतं, आणि एकदा ठरलं की ते बदलायला कुणी जाऊ नये. म्हणून धाराशिवातल्या त्या नव्या बारा मजली इमारतीतलं घर बघायला तिला न्यायचं ठरलं, तेव्हा मी इंद्रजितला बजावलं, "तिला नीट हात लावू दे. घाई करू नको."

इंद्रजित तिचा एकुलता एक मुलगा, माझा आत्तेभाऊ. धाराशिवला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे. आत्या तिकडं माकणीजवळ, भूकंपानंतर वसवलेल्या गावात एकटीच राहायची. त्याआधीच्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली आणि शेजारच्या धुरपदाबाईला ते दुपारी कळलं. तेव्हापासून इंद्रजितनं धोशा लावला, आईला आता इकडं आणायचंच. आत्याची एकच अट. "दार उघडलं की पाय मातीवर पडला पायजे."

ही अट कुठून आली ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भूकंपाच्या रात्री उकडत होतं म्हणून ती सहा वर्षांच्या इंद्रजितला घेऊन अंगणात निजली होती. तिचा नवरा आत, माळवदाच्या घरात. ती दोघं राहिली, तो गेला. नव्या गावात पक्कं घर मिळालं, तरी ती घरात कधी निजली नाही. अंगणात बाज, आणि पाऊस लागला तर उंबऱ्याशी अंथरूण. घरात फक्त स्वयंपाक.

तरी एकदा बघ तरी, असं म्हणून इंद्रजित तिला घेऊन आला. मीही गेलो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळं कुठलीही इमारत बघितली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ही इमारत बघून तर माझं डोकंच फिरलं. पश्चिमेची अख्खी बाजू निळ्या काचेची. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी कुत्रीसुद्धा गटारीत बसतात, आणि ह्यांनी मावळतीला काचा लावल्या.

"भाऊजी, उजेड येतो की," इंद्रजितची बायको निकिता म्हणाली. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर ट्यूबलाइटखाली. "मला उजेड पाहिजे. बाकी काही नको."

"काचेचं मरू द्या," इंद्रजित म्हणाला. "पार्किंगचे खांब बघा. गाडी लावल्यावर दार कसं उघडायचं?"

घरं विकायला बसलेला आरिफ नावाचा पोरगा फार गोड बोलायचा. मी काचेला नावं ठेवली की तो म्हणायचा, बराबर आहे सर. निकितानं कौतुक केलं की म्हणायचा, बराबर आहे मॅडम. मी गॅलरी अरुंद म्हणालो, इंद्रजितनं ती काढून खोली मोठी करायला हवी होती असं सांगितलं, निकितानं आम्हा दोघांना कपडे कुठं वाळवणार ते विचारलं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी काचेच्या बाजूनं भांडतोय आणि इंद्रजित गॅलरीच्या. हे कसं झालं ते मला आजही सांगता येणार नाही. चांगली इमारत म्हणजे काय, हे सकाळी घरून निघताना मला पक्कं माहीत होतं.

आत्या मान वर करून बघत होती. "एवढी मोठी कुणासाठी रं?" तिनं आरिफला विचारलं.

"मावशी, मोठमोठे लोक येणारेत इथं. डॉक्टर, वकील."

"आसंल," आत्या म्हणाली, आणि तिनं त्या इमारतीकडं पाठ केली.

मग आरिफ आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. ऑफिसच्या मागं, आवारात, जमिनीवरच बांधलेला. पुढं हिरवळ, एक पायरी, की दार. आत्यानं फरशीला हात लावला, ओट्याला लावला, नळ सोडून बघितला. मग दार उघडून बाहेर आली, चप्पल काढली आणि हिरवळीवर अनवाणी उभी राहिली. आम्ही आत हॉलच्या रंगावरून भांडत होतो.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "येते म्या."

इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं आपल्यासाठी अट सोडली, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं. आपल्या घराचा नंबर नऊशे तीन, असं त्यानं तिला सांगितलं. ती मान हलवून हसली. तिच्या गावातही घरांना नंबरच होते.

वर्षभरानं ताबा मिळाला. गृहप्रवेशाच्या दिवशी आत्या टेम्पोत पुढं बसून आली, मागं तिची बाज. आवारात शिरल्यावर ती ड्रायव्हरला हातानं वाट दाखवायला लागली. ऑफिसच्या मागं चल, म्हणाली. टेम्पो तिथं जाऊन थांबला. तिथं सिमेंटचा कोबा होता आणि त्यावर गाड्या लावायला पिवळ्या पट्ट्यांच्या चौकटी.

आत्या खाली उतरली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "घर कुठं गेलं?"

"वर हाय आई, नवव्या मजल्यावर," इंद्रजित म्हणाला.

"ते न्हवं. आपलं. हितलं."

"ते सॅम्पल होतं. ते पाडलं."

"पाडलं? चांगलं घर व्हतं की."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या नव्या गावात आधी एक नमुन्याचं घर बांधून सगळ्या गावाला दाखवलं होतं. तसंच घर, तशीच जमीन, मग प्रत्येकाला मिळालं. नमुन्याचं घर कुणी पाडलं नाही, त्यात आजही अंगणवाडी भरते. दाखवलं ते मिळतं, हे आत्यानं स्वतः जगून बघितलं होतं. इंद्रजित खाली मान घालून उभा होता.

आम्ही तिला वर नेलं. ती गेली, नाही म्हणाली नाही. तिनं फरशीला हात लावला, ओट्याला लावला. "त्येच हाय," म्हणाली. दार उघडलं, समोर बंद दारांची ओळ. गॅलरीचं दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं.

तेवढ्यात हमाल सांगत आला की बाज लिफ्टमध्ये जात नाही. उभी नाही, आडवी नाही. जिन्याच्या वळणावरही अडकते. काच, खांब, गॅलरी, रंग, सगळ्यावर आम्ही घसा कोरडा केला होता. हे एक तेवढं राहिलं. बाज खालीच राहिली, नऊशे तीन लिहिलेल्या पिवळ्या चौकटीत.

पूजा आटोपली, माणसं जेवून गेली आणि आत्या दिसेना. खाली येऊन बघतो तर ती बाजेवर बसलेली, पाय सिमेंटवर टेकवून. निकिता तिच्या शेजारी बसली.

"आई, भीती वाटते का वर? ही इमारत भूकंपाला टिकणारी आहे. मी विचारून घेतलंय सगळं."

"टिकंल की. मी कुठं न्हाय म्हनते?"

"मग?"

इंद्रजित समोर उभा होता. अडतीस वर्षांचा, पोट सुटलेला, कपाळावर पूजेचं कुंकू. आत्यानं त्याला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं.

"त्या टायमाला ह्यो आंगनात माज्या कुशीत व्हता," ती म्हणाली. "आता हाललं तर ह्येला घिऊन एवढ्या खाली कशी येऊ म्या?"

इंद्रजित बाजेवर बसला तशी ती त्याच्या वजनानं करकरली. आत्यानं सरकून त्याला जागा करून दिली आणि त्याच्या पाठीला हात लावला.

वॉचमन आला, गाडी चौकटीत लावा म्हणाला. मी इंद्रजितकडून किल्ली घेतली आणि गाडी रस्त्यावर नेऊन लावली.