अरविंदचा जोड

परवा सिडकोत अरविंदच्या घरी गेलो होतो. त्याला जाऊन महिना झाला... निघताना वहिनींनी माळ्यावरून एक गोणी काढून दिली. म्हणाल्या, "विमानाचं काहीतरी आहे भावजी, तुम्हीच न्या."

गोणी आता माझ्या टेबलाखाली आहे. लिहायचं टाळत होतो, पण आता लिहितोच.

अरविंद आणि मी अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूमला. दोघांनाही रिमोटच्या विमानाचं वेड. तेव्हा आमच्यात कुणाकडे मोबाइल नव्हता आणि विमानाचं सामान मुंबईहून आणावं लागायचं. त्याने सहा महिने खपून हलक्या बाल्सा लाकडाचं, पाच फुटी पंखाचं विमान बांधलं. पंखाचे दोन भाग मधोमध जोडले, त्या दिवशी मला खोलीत शिंकायलाही बंदी होती.

माझं विमान म्हणजे वर्षभर नुसता सांगाडा. रिमोट मात्र आणून ठेवलेला... आणि तो अरविंदच्याच चॅनलचा निघाला. दोन्ही रिमोट एकदम चालू झाले की हवेतलं विमान कुणाचंच ऐकत नाही, कोसळतं.

म्हणून अरविंदने नियम केला. आम्ही पाथर्डीकडे, अनसूयाताईंच्या झेंडूच्या मळ्याला लागून असलेल्या पडीक जमिनीवर विमान उडवायचो. तिथल्या बाभळीला कपडे वाळत घालायचा एक लाल चिमटा लावलेला असे. चिमटा ज्याच्या शर्टाला, त्यानेच रिमोट चालू करायचा. चिमटा नसेल तर घरीसुद्धा करायचा नाही, कारण माझं घर तिथून जेमतेम अर्धा किलोमीटर. मी त्याला चिडवायचो, झोपतानाही चिमटा लावतोस का रे?

आता दसऱ्याचं सांगतो. टूलरूममध्ये त्या दिवशी मशीन धुऊनपुसून हार घालायचा, नारळ फोडायचा आणि मग मिनिटभर मशीन चालवून बंद करायचं. पूजा झालेलं मशीन मुकं ठेवू नये, असं आमचे जुने फोरमन सांगायचे. बाकी दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. त्यामुळे दसऱ्याला विमान उडवायचं नाही, हे न बोलताच ठरलेलं होतं... निदान मी तसं धरून चाललो होतो.

सकाळी गच्चीवर पाट मांडला. व्हर्नियर, पाने, पक्कड आणि शेजारी तो रिमोट. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि सवयीने एरियल पूर्ण ओढून बटण चालू केलं. मिनिटभरासाठीच... तेवढ्यात बायकोने नैवेद्यासाठी खालून हाक मारली आणि मी तसाच उतरलो. देवीच्या मंडळाचा लाउडस्पीकर एवढा मोठा होता की बाहेरचं काही ऐकूच येत नव्हतं.

पूजा अरविंदनेही केली होती. त्यालाही मशीन मुकं ठेवायचं नव्हतं. तो विमान घेऊन मळ्याकडे गेला, बाभळीचा चिमटा काढून शर्टाला लावला आणि फक्त एक फेरी म्हणून विमान वर सोडलं.

अनसूयाताई बाजारासाठी फुलं तोडत होत्या. विमान त्यांच्यावरच येऊन पडलं.

शेजाऱ्याने सांगितलं तसा मी धावत गेलो. इंजिनाच्या पंख्याने त्यांचा उजवा हात कापला होता. अरविंद स्वतःचा शर्ट काढून त्यांच्या हाताला गुंडाळत होता... लाल चिमटा त्या शर्टाला तसाच होता.

हात वाचला, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं कायमची ताठ राहिली. फुलांवर घर चालणारी बाई, आणि तिला फूल चिमटीत धरता येईना.

दुपारी दवाखान्यातून येऊन गच्चीवर गेलो. रिमोटचा दिवा अजून चालूच होता. मी बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी अरविंद म्हणाला, "पंखाचा जोड सुटला रे हवेत. माझंच काम कच्चं." पडल्यावर पंख दोन ठिकाणी मोडला होता, म्हणून त्याने तेच धरलं.

मी म्हणालो, "असेल."

पोलीस येतील, नोकरी जाईल, ताईंचे लोक मारतील... भीती वाटली, दुसरं काही नाही. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत वीस-बावीस वर्षं गेली. त्याने विमानाला पुन्हा हात लावला नाही. टूलरूममध्येही एकेक जॉब तीन-तीनदा तपासायला लागला. पोरं हसायची, त्यांच्यात मीही हसायचो. लाज वाटते आता.

परवा घरी येऊन गोणी उघडली. आत तोच पंख होता. करवतीने इंचाइंचावर कापलेला, आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने, त्याच्या बारीक अक्षरात, एकच शब्द. ठीक. ठीक. ठीक. मधल्या जोडाच्या तुकड्यावर मात्र दोन शब्द जास्त होते... "ठीक. मग कशानं?"

काल अनसूयाताईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या डाव्या हाताने फुलं निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मला आता सांगून काय व्हनार भाऊ? ते दर दसऱ्याला उजाडायच्या आत यायचे, माझ्या वाट्याची फुलं तोडून द्यायचे. लय रडायचे. त्यांना सांगायचं व्हतं ना."

तो तिथे जायचा, हे मला माहीतच नव्हतं.

आज सकाळी वहिनींनाही सांगितलं. त्यांनी गोणी परत मागितली. संध्याकाळी नेऊन देणार आहे.

अरविंदला ओळखणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवतोय. त्याचा एकही जोड सुटला नव्हता. रिमोट मी चालू केला होता.